लॉर्नच्या जागी

प्रिय आई,

आधी तुझा गुडघा कसा आहे ते कळव. बाबा अजून गोठ्यातल्या पाण्यावरचा बर्फ स्वतःच फोडतात का?

मी बरा आहे. तू पाठवलेली बटाट्याच्या सारणाची पेरोगी कालच संपली. झोप थोडी कमी होते, एवढंच.

बातमी अशी, की मी आता आमच्या आइस हॉकी संघाचा मुख्य प्रशिक्षक झालो. बाद फेरीत एकाच संघाशी सातपैकी चार मॅच जिंकाव्या लागतात; आम्ही पहिल्या तिन्ही हरलो आणि मंडळाने लॉर्नला काढलं. त्याआधी मला विचारलं होतं, "बदलायचा का?" सात वर्षं मी त्याच्या हाताखाली काढली, आणि "हो" म्हणालो. बाबांना हे सांगू नकोस.

त्यानंतर दोन मॅच जिंकलो. अजून दोन जिंकायच्यात. किराणावाला मर्व पाठीवर थाप मारून म्हणतो, "बरं झालं म्हातारा गेला!" मी मान हलवतो. डावपेच मात्र लॉर्नचेच वापरतोय.

बाद फेरी सुरू झाली की संघ हरून बाहेर पडेपर्यंत आमच्यात कुणी दाढी करत नाही, ते तुला ठाऊकच आहे. माझा फोटो बघून तू अस्वल म्हणाली होतीस.

आज मर्वच्याच दुकानात लॉर्न समोर आला. मी पावाच्या फळीकडे वळलो. तोच म्हणाला, "डावीकडच्या तिघांना जरा दम खाऊ दे रे, फार दमलेत." आणि दुधाची पिशवी उचलून गेला.

आई, त्यानं अजून दाढी केलेली नाही.

तुझाच,
तारास