धुरी नको म्हटलं तेव्हा

आई, तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच. तेव्हा हा कागद कुणाच्या हाती द्यायचा हा प्रश्नच नाही. तरी लिहिते. मला भांडायचंय.

मी पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडे आले होते. तुझे जावई श्रीमंतांच्या स्वारीबरोबर दूर मुलखात. खोलीची खिडकी तू चिंध्या कोंबून बंद केलेली. रोज न्हाऊ घातलं की शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वेखंड टाकायचीस आणि पोरीला त्या धुरावर धरायचीस. पुण्यात घरोघरी हेच चालतं. पण माझी पोर जन्मल्यापासून श्वास आत ओढताना घुरघुरायची. वैद्यबुवांनी कफ आहे म्हणून चाटण दिलं, आणि तू धुरी वाढवलीस. मी दिवसभर तिच्याकडेच बघत असायचे, मला दुसरं काम काय होतं? माझ्या छातीवर पालथी निजली की आवाज कमी व्हायचा, उताणी ठेवली की वाढायचा. आणि धुरीत तर गळ्याखालचा खळगा आत आत जायचा, ओठ निळे पडायचे. मी सांगत होते. तू म्हणायचीस, बाळंतिणीनं फार बोलू नये, वारं शिरतं.

त्या सकाळी ओठ निळे पडलेले दिसले आणि मी तांब्यातलं पाणी शेगडीत ओतलं. चिंध्या उपसून खिडकी उघडली.

"सात पोरं वाढवली मी याच धुरीवर," तू म्हणालीस.

"त्यातली उरलो किती? तिघं."

बोलले ते बोलले. आजही परत घेणार नाही. त्या दिवसापासून तू अबोला धरलास. ताट मात्र वेळेवर यायचं, तूप जरा जास्तच वाढलेलं. शेजारणींना सांगितलंस, ही हट्टापायी लेकीला मारणार. आणि पोरीची घुरघुर थांबायच्या आत तू तापानं गेलीस. तसंच समजून गेलीस.

धुरी बंद झाली तसे तिचे ओठ पुन्हा निळे पडले नाहीत, आणि पुढल्या वर्षी तो आवाजही आपोआप विरत गेला. आता ती हौदावर पाण्यासाठी भांडते तेव्हा अख्ख्या कसब्याला कळतं. कुणावर गेली ते तुला वेगळं सांगायला नको.

माझं बरोबर होतं, आई. शेजारणींनी कबूल केलं, यांनी केलं, वैद्यबुवांनीसुद्धा मान हलवली. त्यानं माझं समाधान होत नाही. नाक मुरडून का होईना, तू एकदा "असेल बाई" म्हणाली असतीस, तर मला पुरलं असतं.