आबांची गवळण इंग्रजीत

रविवार, दिवेलागणी. बेडसे.

जुन्या कॉम्प्युटरला आज एकदाचा फॉरमॅट मारून नवी सिस्टीम टाकली. फायली आधीच पेनड्राइव्हवर काढल्या होत्या, म्हणून मी निर्धास्त. पण सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, भजनी मंडळासाठी रचलेली गवळण उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! आबा चष्मा लावून बघतच राहिले. "पोरी, माजी गवळण इंग्रजीत कशी गेली?"

म्हटलं, "आबा, तुम्ही म्हणा, मी परत टाइप करते." ते मांडीवर ताल धरून म्हणत गेले, मी नव्या सिस्टीममधल्या मराठीत टाइप करत गेले. चार कडवी झाली आणि डोक्यात उजेड पडला. जुनी गवळण ज्या मराठी फॉन्टमध्ये होती, तो फॉन्टच टाकला नव्हता मी! इतकी कशी वेंधळी? फॉन्ट टाकला आणि जुनी गवळण जशीच्या तशी मराठीत परत. पण तिच्यात कडवी तीनच.

"आबा, मग हे चौथं कुठलं?"

"ते व्हय? आत्ता म्हनता म्हनता सुचलं."

चौथंच सगळ्यांत गोड आहे. दुपारभर जिच्यासाठी जीव खालीवर झाला, ती जुनी फाइल शेवटी मीच पुसून टाकली.