एकही नवं भोक न पाडता

कुशिरो, ३ जून

चि. इसाओस,
ताईचे अ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर बोलावं तर आई तुझ्या शेजारी बसून दोन्हीकडचं ऐकते, आणि बोलायचंय ते तिच्याचबद्दल. माझा पाय अजून प्लॅस्टरमध्ये आहे. डॉक्टर सप्टेंबरपर्यंत सोडत नाहीत, त्यामुळे पितर चार दिवस घरी येतात त्या ओबोनला, बाबांच्या पहिल्याच, मी येऊ शकत नाही. सगळा भार तुझ्यावर.

आईने मला बजावलंय की तेरा ऑगस्टला बाबांना कबरीवरून घरी आणायचं ते त्यांच्याच गाडीतून, आणि शेजारी ती स्वतः बसणार. टॅक्सी नको, तुझी रोजची गाडी नको. मी म्हटलं, गेल्या उन्हाळ्यात मुळ्याच्या वाफ्यात चक्कर येऊन पडलीस, चार दिवस सलाईन लागलं, ते विसरलीस का? तर म्हणते, तेव्हा टोपी घातली नव्हती.

ब्याऐंशी वर्षांच्या बाईला टोपीच्या भरवशावर सोडू नकोस, इसाओ. त्या लाल भट्टीत एसी बसव. तुझ्यासारख्याला काय अवघड आहे?

इकडे आम्ही अजून स्वेटरमध्ये आहोत. तुझ्या भावोजींचा तुला नमस्कार. तब्येतीला जप, आणि रागावून का होईना, उत्तर पाठव.

तुझी,
सुमिएताई


तजिमी, ११ जून

ती. ताईस,
इसाओचा सा. न. वि. वि.

भट्टी काय असते ते मला सांगू नकोस. तीस वर्षं मी फरशांच्या कारखान्यात भट्टीच सांभाळतोय.

गाडी १९६८ची आहे. कारखान्यातून निघाली तेव्हापेक्षा आज तिच्यात एकही भोक जास्त नाही. बाबांनी रेडिओसुद्धा बसवू दिला नव्हता. त्यांचा हात थरथरू लागला तेव्हापासून, म्हणजे सतरा वर्षं, तिचा प्रत्येक स्क्रू मी सांभाळतोय. कुणी शिकवलं नाही मला. उघडायचं, चित्र काढायचं, पुन्हा लावायचं, असं करत शिकलो. नागोयाच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात तीन परीक्षक अर्धा तास तिच्या पोटाखाली शिरले होते. त्यांना काही सापडलं नाही. आणि तू म्हणतेस एसी बसव. मी हिशेब केला, किमान नऊ भोकं.

आईला मी दुसरा मार्ग सुचवला. तेरा तारखेला पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत जाऊन येऊ. तिने शेंगा सोलता सोलता माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाहुणा संध्याकाळी येतो, म्हणाली, पहाटे येतो तो दूधवाला. मग म्हणाली, जमत नसेल तर राहू दे, तूच जाऊन घेऊन ये त्यांना, मी काही येत नाही. आवाज जराही चढवला नाही. तू ओळखतेसच तिला. पहिल्या ओबोनला ती खरंच घरी बसून राहील.

विचार करतोय. एवढंच लिहितो. पाय उंच ठेवून बस, आणि माझ्या गाडीला नावं ठेवणं कमी कर.

तुझा,
इसाओ


कुशिरो, २० जून

चि. इसाओस,
अनेक आशीर्वाद.

विचार करतोयस म्हणजे हातात पाना घेतलायस, हे मी ओळखलं.

तुझ्या भावोजींना विचारलं. मासळीच्या थंड गाड्यांची दुरुस्ती हे बावीस वर्षं करताहेत, तेव्हा जरा ऐक. म्हणाले, रेडिएटरच्या पुढे एसीची दुसरी जाळी उभी केली की इंजिनाचा वारा अडतो. सपाट रस्त्यावर कळत नाही, पण चढावर गाड्यांच्या रांगेत अडकलात की इंजिन तापणार. पुढे विजेवर चालणारा पंखा हवाच. तो धरायला सांगाड्यात दोन भोकं पाडावी लागतील, हेही त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, तेवढं सोडून काहीही सांगा, तो ऐकेल. हसले.

मी मात्र हसत नाही. आई त्या दिवशी गेली नाही तर पुढची सगळी वर्षं स्वतःला बोल लावत बसेल, आणि गेली आणि काही झालं तर मी तुला बोल लावीन. दोन भोकं पाड. बाबा काही उठून मोजायला येत नाहीत.

माया आहे म्हणून बोलते, ती तशीच राहू दे.

ताई


तजिमी, २२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काम झालं. एकही नवं भोक न पाडता.

कसं ते ऐक, तुला कळणार नाही पण भावोजींना वाचून दाखव. गाडीतला जुना हीटर पूर्ण काढला. त्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी जी दोन भोकं मुळातच होती, त्यांतून एसीच्या गॅसच्या नळ्या नेल्या. हीटरच्याच चार बोल्टांवर थंड हवेची पेटी बसवली. तिला पत्र्याचं आवरण मी स्वतः ठोकून केलं, तिसऱ्या खेपेला मनासारखं जमलं. कॉम्प्रेसर भंगारातल्या एका छोट्या गाडीचा. पुढची जाळी बोनेटच्या कडीच्या बोल्टांनाच धरली आहे. हीटर वर्तमानपत्रात गुंडाळून शेडमध्ये ठेवलाय. उद्या सगळं काढलं तर गाडी पुन्हा जशीच्या तशी.

काल दुपारी दोन वाजता, बाहेर ३८ अंश असताना, झरोक्यातून येणारी हवा ९ अंश भरली. चाळीस मिनिटं नदीकाठच्या रस्त्याने फिरवली, इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. भावोजींना म्हणावं, मासे वेगळे आणि ही गाडी वेगळी. पंखा लावलेला नाही, लागणारही नाही.

आईने आत बसून पाहिलं. छान आहे म्हणाली. एवढंच.

इथलं सगळं ठीक. तुझा लोभ आहे म्हणूनच तुझी बोलणी गोड लागतात.

इसाओ


तजिमी, १४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई बरी आहे. आधी हे लिहितो.

काल चारला निघालो. आई राखाडी किमोनोत, मांडीवर बाबांना वाट दाखवायचा, घडी केलेला कागदी कंदील. बाबांची कबर आहे त्या देवळापर्यंत बारा किलोमीटर, त्यातला शेवटचा चढ तीन. बाबांना आणायला निघालेली फक्त आम्हीच नव्हतो, सगळं गाव त्याच चढावर होतं. गाड्या दहा पावलं जात आणि थांबत. दुसऱ्या वळणाशी काटा चढू लागला. मी एसी बंद केला, काचा उघडल्या. काटा थांबेना. जुन्या गाडीत अशा वेळी एक उपाय असतो, हीटर पूर्ण सोडायचा, तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो. आणि हीटर शेडमध्ये वर्तमानपत्रात.

गाडी कडेला घेतली. आत बसवेना इतका उकाडा, बाहेर सावली नाही. आई मानेवर रुमाल धरून बसली होती. मी म्हटलं, पाचच मिनिटं, आई. ती म्हणाली, हो, तुझे बाबाही पाचच मिनिटं म्हणायचे. मी विचारलं, कधी? तर म्हणाली, दर उन्हाळ्यात. तुम्हा दोघांना मावशीकडे ठेवून आम्ही नोटोच्या समुद्राला जायचो, तेव्हा जाताना चारदा, येताना चारदा. मग तू कधी बोलली का नाहीस, म्हटलं. सांगायचं काय त्यात, म्हणाली. ते एवढे खूश असायचे की स्वतःचा घाम त्यांना कळायचा नाही, मग माझा कुठून कळणार. तक्रार नव्हती गं, ताई. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मग तिचा चेहरा पांढरा पडला. मागच्या गाडीतला माणूस धावत आला. तोफू विकणारा, पलीकडच्या आळीतला. त्याच्या छोट्या गाडीत एसी होता. त्याने आईला आत बसवलं, पाणी दिलं, आणि मला म्हणाला, तुम्ही तुमच्या बाईसाहेबांपाशी थांबा, आजींना मी नेतो. बाईसाहेब म्हणजे गाडी. मी थांबलो. बोनेट उघडून, सगळ्या गावासमोर.

कबरीवर आईने कंदील लावला आणि बाबा पहिल्या ओबोनला घरी आले ते तोफूच्या गाडीतून. मी पाऊण तासाने पोचलो. तोवर तिने त्यांच्यापुढे जेवण मांडलं होतं. मला म्हणाली, हातपाय धू.

भावोजींना काय सांगायचं ते तूच ठरव. परवा बाबांना परत पोचवायचं आहे.

तुझा,
इसाओ


तजिमी, १७ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आतच दुसरं पत्र लिहितोय.

परवा सकाळी भोकं पाडली. दोन, साडेसहा मिलिमीटरची. तीनदा मोजलं, खूण केली, आणि ड्रिल हातात धरून बराच वेळ नुसता उभा राहिलो. आई जवाचा चहा घेऊन आली. काय बघतोयस, म्हणाली. मी सांगितलं. तिने पेला खाली ठेवला, बॅटरी उचलली आणि मला नीट दिसेल असा उजेड धरून उभी राहिली. पत्र्याचा कीस खाली पडला तो तिनेच झाडून घेतला. पंखा दुपारपर्यंत बसला.

काल पाचला निघालो. चढावर तशीच रांग, तसंच ऊन. काटा मध्याच्या खालीच. मी काट्याकडेच बघत होतो, म्हणून मला उशिरा कळलं. पहिल्या वळणानंतर आई बोलायची थांबली होती. बघतो तर मान खिडकीकडे कलंडलेली, तोंड थोडं उघडं, दोन्ही हात कंदिलावर. गाडी थांबवून तिच्या नाकापुढे बोट धरलं. झोपली होती.

देवळाच्या फाटकाशी पोचलो, पण इंजिन बंद केलं नाही, कारण त्याबरोबर गारवाही गेला असता. पुजारी बाहेर आले. लोक परतायला लागलेत, तुम्ही पेट्रोल का जाळत बसलाय, विचारू लागले. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि पायरीवर जाऊन बसले. मीही त्यांच्या शेजारी बसलो. कबरींवरचे दिवे एकेक करून विझत होते.

पाऊण तासाने ती उठली. उशीर झालेला पाहून मला रागावली, बाबांना ताटकळत ठेवलं म्हणाली. मग रुमालाने तोंड पुसून म्हणाली की असू दे, त्यांना तरी कुठे जायची घाई होती.

ताई, त्या गाडीत आईला झोपलेली मी आजवर पाहिली नव्हती. बाबांनीही पाहिली नसेल.

पायाला जप. आहे तो जिव्हाळा असाच ठेव.

तुझा धाकटा,
इसाओ