अव्वाचे दोन फोटो

प्रिय शरणू,

‘प्रिय’ हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं, त्यावर जाऊ नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, लगेच तुझ्या क्लबचं भाषण सुरू करतोस. पत्राला मधेच तोडता येत नाही. अव्वा तुझ्या एकट्याची आई नाही. ती इथं बार्शीला माझ्याकडे आहे आणि मी तिला सोलापूरला परत पाठवणार नाही. श्रीदेवीला सांग, भावजयीवर माझा राग नाही. तुझ्यावर आहे, आणि भरपूर आहे.

अव्वाला साखरेचा आजार होऊन वीस वर्षं झाली. अंगानं भरलेली होती, पण आख्ख्या गल्लीच्या लग्नातल्या कडक भाकरी थापायची आणि कोण कुणाची मावसबहीण ते झोपेतही सांगायची. मग तू वजन घटवायचा क्लब काढलास. सकाळी पावडर, रात्री वाटीभर सूप. बहात्तर किलोची अव्वा दीड वर्षात एकावन्नवर आली. बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या, झंपर दोनदा आत घ्यावं लागलं, आणि तू खूश. वजन उतरलं म्हणून पेढे वाटलेस, हे तुलाच जमावं. तिचे आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो छापून घराजवळच्या चौकात फ्लेक्स लावलास. सगळ्या नात्यात तुझं कौतुक झालं.

दिवाळीनंतर मी तुझ्याकडं आठवडाभर राहिले तेव्हा काय दिसलं ते ऐक. सकाळी तू गोळी तिच्या हातावर ठेवतोस आणि क्लबला जातोस. श्रीदेवी ताट झाकून शाळेत शिकवायला जाते. आपल्यात लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत, आणि अव्वानं हा नेम बाळंतपणातही मोडला नाही. ती आंघोळ करते, विभूती लावते, इष्टलिंग तळहातावर घेऊन बसते. पूजा आटोपून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येते, तिथं घुटमळते आणि परत जाऊन पूजेला बसते. पुन्हा उठते, पुन्हा बसते. ताट तसंच झाकलेलं. दुपारी विचारलं की म्हणते, “व्हय की, लई झालं जेवण.” संध्याकाळी ते ताट गाईच्या पुढ्यात. आणि तू सगळ्यांना सांगत सुटलास की अव्वाची भक्ती वाढली, तिनं भूक जिंकली. पूजा झाली की राहिली हेच तिला आठवत नव्हतं रे. एवढं तुला कळू नये?

त्याच आठवड्यात ती देवघरात घामानं भिजून कलंडली. पोटात अन्न नाही आणि वर साखर उतरवायची गोळी. मी तिच्या तोंडात गुळाचा खडा घालत होते आणि तू फोनवरून ओरडत होतास, अक्का, गूळ देऊ नको. तो आवाज मी विसरणार नाही.

इथल्या डॉक्टरांनी आधी तिचं वजन विचारलं. म्हणाले, या वयात, त्यातून मधुमेहात, वजन असं उतरत गेलं तर टाळ्या वाजवायच्या नसतात, कारण शोधायचं असतं. अशा म्हाताऱ्या माणसांत जे बारीक असतात, ज्यांचं वजन घटत जातं, त्यांच्यात विस्मरणाचा आजार जास्त दिसतो. कधी विसर आधी येतो आणि माणसाचं जेवायचं राहतं. कधी उपासमार आणि साखर कमी होणं मेंदूला भोवतं. अव्वाच्या बाबतीत आधी काय झालं ते छातीठोक सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. त्यांनी तुला दोष दिला नाही. ते सभ्य गृहस्थ आहेत, मला तसं काही बंधन नाही. एवढं वजन उतरलं तेव्हा कुणाला काळजी वाटली नाही का, असं त्यांनी विचारलं. आम्ही फ्लेक्स लावला, हे मला माझ्या तोंडानं सांगावं लागलं.

आता तुझ्या क्लबच्या रविवारच्या कार्यक्रमाचं. अव्वाला हिरवं इरकल नेसवून स्टेजवर आण, असा तुझा निरोप मिळाला. ती येणार नाही. पण पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. तिला इकडं आणताना रिक्षा चौकात थांबली होती. अव्वा फ्लेक्सकडं बघत राहिली. आधीच्या, भरल्या अंगाच्या फोटोवर बोट दाखवून म्हणाली, “ही मीच की.” मग शेजारच्या फोटोकडं बघून विचारलं, “आन ही हडकुळी कोन गं? हिला कोन जेवाया घालीत न्हाय व्हय?” मी रिक्षा पुढं घ्यायला लावली. इथं मी पूजेनंतर तिचा हात धरून तिला ताटावर बसवते, आणि ती जेवते. पण रोज अर्धी भाकरी मोडून बाजूला ठेवते. “त्या चौकातल्या बाईला दे,” म्हणते. अव्वा बाकी सगळं विसरते, शरणू, ती बाई उपाशी आहे हे विसरत नाही. तो फ्लेक्स आजच्या आज उतरव. मला अव्वाला सांगायचंय की त्या बाईला तिच्या घरच्यांनी जेवायला नेलं.

रागावलेली, तरी तुझीच,
महानंदाअक्का