अक्का, वडवणीला एकट्याच गेलात

प्रिय अक्का,

काल ट्रॅक्टर घरी आला. भाऊजींनी नारळ फोडला, मी चाकांना हळदकुंकू लावलं, आळीतल्या बाया पेढे खाऊन गेल्या. तुमच्या लेकीला पुण्याला फोन केला, माझ्या आईला कळवलं. सगळ्यांना सांगून झालं आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायचं, त्या तुम्हीच राहिलात! म्हणून वही घेऊन बसलेय. दहावीनंतर मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. जावेला कुणी पत्र लिहितं का, तेही माहीत नाही. पण बोलायचं फार साचलंय.

आधी जे गिळून बसलेय ते लिहिते. त्या दिवशी मी हसले होते.

गुढीपाडवा व्हायचा होता. बीडच्या त्या मोठ्या काचेच्या शोरूममध्ये आपण चौघं गेलो होतो. तुम्ही आणि भाऊजी, माझे मालक आणि मी. दोघं भाऊ मोठ्या ट्रॅक्टरभोवती फिरत होते, टायरवर हात फिरवत होते. तुम्ही कोपऱ्यातल्या छोट्या ट्रॅक्टरपाशी गेलात, वाकून पायाखालचं सगळं बघितलंत आणि तिथल्या विक्रीच्या माणसाला विचारलंत, "ह्याचा क्लच बाईमाणसाला दबल का?"

तो म्हणाला, "मावशी, ट्रॅक्टर घ्यायलाव का शिलाई मशीन?"

सगळे हसले. भाऊजी हसले, माझे मालक तर त्या माणसाला टाळी देऊन हसले. आणि अक्का, तोंडाला पदर लावून मीपण हसले. तुम्ही बाकी कुणाकडं बघितलं नाही. फक्त माझ्याकडं बघितलंत.

चौसाळ्यापर्यंत बसमध्ये तुम्ही बोलला नाहीत. घरी आल्यावर रोजच्यासारख्या भाकरी थापल्यात, मला वाढलंत. एक शब्द नाही! दोन शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी तरी झाले असते.

मला खरं तर हसू आलंच नव्हतं. सगळे हसले म्हणून हसले. तुम्ही विचारलंत ते माझ्याही मनात होतं की! बाग कोण बघतं? भाऊजी सकाळी चौसाळ्याच्या किराणा दुकानावर जातात ते दिवस मावळता येतात. माझे मालक दसरा झाला की उसाच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जातात, ते उन्हाळ्यात परततात. सीताफळातलं गवत, फवारणी, तोडणी, व्यापाऱ्याशी घासाघीस, सगळं आपल्या दोघींवर. मशागतीला गावातला भाड्याचा ट्रॅक्टर. तो यायचा त्याच्या सवडीनं. अंगानं मोठा, त्यामुळं ओळीतून जाताना फांद्या मोडत जायचा. एका वर्षी फळं धरलेल्या फांद्या खाली पडल्या, तेव्हा तुम्ही त्या एकेक उचलून बांधावर ठेवल्यात. आणि म्हणालात, "शोभा, ट्रॅक्टर घ्यायचा तर आपल्याला चालवता यील असा. घरी राहणाऱ्या आपण, आन चालवणारे सा महिने बाहेर. काय कामाचा?"

हे माझ्याशी बोललेल्या बाईला मी शोरूममध्ये एकटं पाडलं.

मग श्रावण सरता सरता तुम्हाला ताप आला. साधा ताप म्हणून दोन दिवस घरात काढले, तिसऱ्या दिवशी बीडला नेलं. मी उशाशी बसले होते. वाटत होतं, आता म्हणावं, अक्का, मी हसायला नको होतं. तेवढ्यात तुम्ही डोळे उघडलेत. "खालच्या ओळीतलं गवत काढलं का गं?" मी म्हणाले, "काढलं." तुम्ही परत डोळे मिटलेत. मला वाटलं, बऱ्या झाल्यावर बोलू. घाई काय आहे! दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

तेरावं झाल्यावर भाऊजींनी तुमचा बटणांचा फोन माझ्याकडं दिला, सीताफळाचे व्यापारी त्याच नंबरावर फोन करतात म्हणून. चारच दिवसांनी त्यावर एक फोन आला.

"अक्काबाई बोलायल्यात का? मी वडवणीहून, ट्रॅक्टरवाला. तुमी बघून गेल्ता तसला पीस आलाय. कधी येताव?"

मला काही कळेना. "कोण बघून गेलतं?"

"अक्काबाई. त्यांनीच हा नंबर दिल्ता. हायेत का त्या?"

तुम्ही गेलात हे तोवर मी किती जणांना सांगितलं होतं! त्या अनोळखी माणसाला सांगताना मात्र जीभ उचलेना. तो म्हणाला, "भायेर गेल्यात का? मंग दुपारून करतो." तेव्हा मी सांगितलं. तो म्हणाला, "लई वाईट झालं बघा. पयल्यांदा चालवताना बंद पडला तर सोताच हसल्या होत्या."

चालवताना?

मला आठवलं. आषाढात तुम्ही वडवणीला चुलत बहिणीकडं जाऊन येते म्हणालात, बाजारच्या दिवशी. परत आलात तेव्हा साडीच्या काठाला काळं ऑइल लागलेलं. मी रॉकेल लावून ते घासत बसले आणि विचारलं, हे कुठं लागलं? "बसच्या दाराचं," म्हणालात. कावून लपवलंत, अक्का? मी परत हसेन म्हणून?

इकडं घरात दोघा भावांनी बीडचा मोठा ट्रॅक्टर घ्यायचं जवळजवळ पक्कं केलं होतं. पन्नास एचपीचा, म्हणजे गावात वट राहील, दुसऱ्याची नांगरट करता येईल. दसऱ्याआधी आणायचा असं चाललं होतं. मी कुणाला काही बोलले नाही. वर्षश्राद्ध व्हायच्या आत ही कुठं फिरायलीय असं लोक म्हणतील, हे माहीत असून सकाळच्या गाडीनं बीडला आणि तिथून वडवणीला गेले.

तो डीलर म्हणजे साठीचा माणूस, कपाळाला भस्म. सगळे त्याला अप्पा म्हणतात. दुकान साधंच, पत्र्याचं. पुढं दोन ट्रॅक्टर, मागं मिस्त्रीचं शेड. तुमचं नाव घेतल्याबरोबर त्यानं खुर्ची पुसून दिली आणि तुम्ही त्या दिवशी काय काय केलंत ते सांगितलं. आधी इंजिनावरचं झाकण उघडायला लावलंत. फिल्टर कुठं, ऑइल कुठं, बिघडला तर मिस्त्री किती वेळात येतो, हे विचारलंत. मग स्वतः वर बसलात. दोनदा बंद पडला, तिसऱ्यांदा यार्डाच्या टोकापर्यंत नेलात. उतरल्यावर पदरानं सीट पुसलीत.

"आन मंग काय म्हणल्या म्हायती का?" अप्पा म्हणाले. "मला जमतंय, मी उंच हाय. पण माझी धाकली जाऊ बुटकी हाय, तिचा पाय पोचला पायजे. सीट पुढं सरकती का ते दाखवा."

मी खाली बघत बसले. अप्पांनी मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्रीनं सीटचे बोल्ट काढले आणि ती सगळ्यात पुढच्या भोकांवर बसवून दिली. "त्यांना आसंच करून दाखवलं होतं," तो म्हणाला.

मी वर चढले. डावा पाय टाकला. क्लच पार खालपर्यंत दबला, अक्का. आणि मी त्या चार अनोळखी माणसांसमोर, स्टिअरिंगला धरून, रडले.

मी हसले त्यानंतरही तुम्ही माझ्या पायाचं माप डोक्यात घेऊन फिरत होतात! मला सांगितलं असतंत तर मी आले नसते का तुमच्यासोबत? हे एवढं एक मला तुमच्याशी भांडायचं आहे.

रडले, पण लगेच हो म्हणाले नाही. तुम्हीही म्हणाला नसतात. वडवणीचाच का, हे घरी विचारणार होतेच. म्हणून दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याच्या डीलरकडं गेले. त्याचा ट्रॅक्टर दिसायला देखणा, स्टिअरिंग तर एका बोटानं फिरतं. माणूसही नीट बोलला. मी विचारलं, मिस्त्री कुठं असतो? तो म्हणाला, "मिस्त्री लांबून येतो, पण येतो." मग त्याच्याकडून घेतलेल्या दोन शेतकऱ्यांच्या रानात चालत गेले. एकानं सांगितलं, ट्रॅक्टर बेष्ट हाय, पण हायड्रॉलिक बिघडलं तवा आठ दिवस उभा होता, फवारणी गेली. वडवणीच्या तिघांना विचारलं. त्यातला एक म्हणाला, रोटाव्हेटर जरा जड जातो, चढाला दम लागतो. पण मिस्त्री फोन केल्यावर त्याच दिवशी येतो, हे तिघंही म्हणाले. आपल्या बागेला चढ कुठाय? मी ठरवलं.

रात्री जेवताना घरी सांगितल्यावर माझे मालक भडकले. "छोट्या ट्रॅक्टरला ट्रॉलीबी धड वढवत न्हाई. लोक हसतील!"

"हसू द्या," मी म्हणाले. "त्या दिवशी अक्कांना आपण समदे हसलो. मीबी हसले. त्या गेल्या, आन मला त्यांना एक शब्द बोलता आला न्हाई."

भाऊजींपुढं मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी ताट बाजूला सारलं. मी वडवणीचं सगळं सांगितलं, साडीच्या ऑइलपासून सीटच्या बोल्टपर्यंत. त्यांनी एकच विचारलं, "ती एकटी गेलती?"

"एकटीच."

"मला बहिणीकडं जाते म्हणली." एवढं बोलून ते हात न धुताच ओसरीवर जाऊन बसले. अक्का, मी त्यांना दुःखात बघितलं होतं. इतकं शरमलेलं कधी बघितलं नव्हतं.

सकाळी दुकान न उघडता ते माझ्या दाराशी आले. "बीडच्या आन वडवणीच्या, दोनी डीलरला म्हण, बागंत आणून चालवून दाखवा. मंग ठरवू." बीडवाल्यांनी, आधी नोंदणी करा, मग बघू, असं सांगितलं. अप्पा मात्र दोन दिवसांत टेम्पोत घालून घेऊन आले. फळं लागलेली, फांद्या खाली वाकलेल्या. मिस्त्रीनं एक ओळ काढली. मग अप्पा मला म्हणाले, "चढा." सगळा गाव बांधावर. दोनदा बंद पडला. कुणीतरी खिदळलं, तसे भाऊजी वळले आणि म्हणाले, "ज्याला हसायचंय त्यानं घरी जाऊन हसावं." मी खालची ओळ टोकापर्यंत नेली. माझे मालक मागून चालत आले, मोडलेली फांदी शोधत. एकही सापडली नाही. अजून ते थोडे फुगलेलेच आहेत. खोल नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर लागणारच आहे, ते त्यांचं खरं आहे. पण परवा कागद करायला अप्पांकडं तेच पुढं होऊन गेले.

वर्षाच्या आत नवी वस्तू आणावी का, असं आळीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या. भाऊजी म्हणाले, तिनंच बघून ठेवलीय, नवी कशी?

आता शेवटचं. आज सकाळी मी ट्रॅक्टर पुसत होते. भाऊजी आले, टोपी काढून हातात धरली. हा माणूस, ज्याचा जन्म दुकानाच्या गल्ल्यामागं गेला, ज्यानं मोटारसायकलच्या पुढं काही चालवलं नाही! इकडं तिकडं बघून म्हणाले, "शोभा, मला शिकवशील का? सांच्याला बागंत कुणीतरी लागल की तुज्यासंगट." डोक्यावरचा पदर सावरत मी होकाराची मान हलवली.

तुम्ही गेल्यापासून ते नीट जेवत नाहीत, अक्का. संध्याकाळी दुकानातून येतात आणि भिंतीकडं बघत बसतात. तुमच्या बागेत काम करायचं त्यांच्या मनात आलंय, हे माझ्यासाठी खूप आहे. म्हणून तुम्हाला शब्द देते. सोमवारपासून दुकान अर्धा दिवस बंद ठेवून ते येणार आहेत. क्लच सोडताना ते घाबरतील, गिअर चुकतील, माझ्यावर चिडतीलही. महिना लागो, दोन महिने लागोत, त्यांना एकट्यानं एक ओळ काढता येईपर्यंत मी बांधावरून हलणार नाही.

तुमची धाकटी जाऊ,
शोभा