पाटीवरच्या नावाची किंमत

आई, बजाजनगरची ती मेस तू विकत घेतलीस तेव्हा मी सातवीत होते. जळगावच्या मावशी ती चालवायच्या, आणि यजमानांची बदली झाली म्हणून चालती मेस कुणाच्या तरी हाती सोपवून त्यांना जायचं होतं. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून बाबा रात्रपाळीची झोप सोडून उठून बसले. "पातेली काय सोन्याची हायेत का?" म्हणाले. तू कणीक मळत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "पातेली मोडीची, ते मला बी दिसतंय. मी काय पातेली घेतेय व्हय? कंपन्यांतली पोरं जेवायला येतात ना, ती घेतेय. घरापासून लांब आलेली, महिना भरला की पुन्हा डबा लावणारी. अन् पाटीवरचं नाव घेतेय." मेस आपली झाली आणि बाबांनी रंगाचा डबा आणला, पाटीवर तुझं नाव घालायला. तू तो डबा उघडूच दिला नाहीस. "पोरं त्या नावाला येतात. आधी येऊ द्या, मग माझ्या हातचं खातील अन् राहतील." पुढं कित्येक वर्षं तुला सगळं बजाजनगर त्या जळगावच्या मावशींच्याच नावानं हाक मारत राहिलं, आणि तू प्रत्येक हाकेला हसून ओ देत राहिलीस.

सीएच्या परीक्षेचा अभ्यास मी त्याच स्वयंपाकघरात केला, तांदळाच्या पोत्याला टेकून. एकदा तू विचारलंस, हे एवढं काय घोकतेस. मी मोठ्या रुबाबात समजावून सांगू लागले. एखादी कंपनी दुसरी कंपनी विकत घेते, तेव्हा दिलेली किंमत नुसती एकरकमी लिहून चालत नाही, ती वाटून दाखवावी लागते. जमिनीचे किती, यंत्रांचे किती, नावाचे किती, बांधलेल्या गिऱ्हाइकांचे किती. ज्याला कशातच बसवता येत नाही, त्याला गुडविल म्हणायचं. तू पोळी लाटता लाटता ऐकत होतीस. "अन् माणसं? कामाची माणसं कुठं लिहितात?" मी म्हणाले, ती वेगळी लिहीत नाहीत, ती त्या उरलेल्यातच धरायची. तुझं लाटणं थांबलं. "उरलेल्यात? उरलेल्या भाजीसारखी? मग यंत्रं कोण चालवतं, तुझा मास्तर?" मी पोट धरधरून हसले. तू मात्र खरोखर रागावली होतीस. माणसं कंपनीच्या मालकीची नसतात, उद्या उठून जाऊ शकतात, म्हणून तसा नियम आहे, असं मी सांगून पाहिलं. "मग नीट वागवा म्हणावं, म्हणजे जाणार नाहीत," असं म्हणून तू तवा पुसलास आणि विषय संपवलास.

तुला जाऊन आता वीस वर्षं होत आली. वाळूजच्या एका मोठ्या कंपनीचा हिशेब विभाग मी सांभाळते. गेल्या वर्षी आमच्या कंपनीनं शेंद्र्याची एक लहान कंपनी विकत घेतली, पाठीवर अडकवायचे फवारणीचे पंप बनवणारी. दिलेली किंमत वाटून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. आमचे मोठे साहेब माणूस सरळ, पण घाईचे. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "मॅडम, नावासमोर शून्य टाका. दिवाळीनंतर पंपावर आपलंच नाव छापायचंय." मी म्हटलं, "साहेब, आपण त्या नावाचं काय करणार, हे नियम विचारत नाही. बाजारातल्या दुसऱ्या कुणी ही कंपनी घेतली असती, तर त्या नावाला काय मोल दिलं असतं, ते विचारतो." साहेबांनी विचारलं, "आणि आपण ते काढून टाकलं तर?" "तर ती सगळी रक्कम लवकरच नफ्यातून वजा होईल. भागधारक विचारतील, एवढं देऊन घेतलंत आणि फेकलंत का?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बरं. काढा किंमत. पण पुराव्यानिशी."

मी शेंद्र्याला गेले. ती कंपनी उभी करणारे गृहस्थ पंचाहत्तरीचे, मुली लग्न होऊन लांब गेलेल्या, म्हणून विकली. त्यांनी मला सगळं फिरवून दाखवलं. पंपांची जुळणी बायकाच करतात, शेंद्र्याच्या नि करमाडच्या. सकाळी शेतात जाऊन येतात आणि मग पाळीला उभ्या राहतात. एकीनं मला हळूच विचारलं, "मॅडम, नाव बदललं की कारखाना बी वाळूजला नेणार म्हणतात, खरं व्हय? मग आम्ही कसं करावं? तिथवर येणं नाय जमायचं." मी तिचं म्हणणं वहीत टिपून घेतलं. निघताना गाडीपाशी ते गृहस्थ म्हणाले, "पैसे मिळाले, तक्रार नाही. फक्त नाव राहील का हो?" मी म्हटलं, "काका, ते माझ्या हातात नाही." ते मान हलवून हसले, पण गाडी वळेपर्यंत फाटकातून हलले नाहीत.

मग मी गावोगावची कृषी सेवा केंद्रं पालथी घातली. करमाडच्या दुकानात एक बाई पंप घ्यायला आली. दुकानदारानं मुद्दाम दुसरा स्वस्त पंप पुढं केला, तर तिनं त्याला हातही लावला नाही. "त्योच द्या, नेहमीच्या नावाचा. त्याचा पट्टा खांद्याला रुतत नाय." दुकानदार माझ्याकडं बघून म्हणाला, "बघा मॅडम, लई मुरलेलं नाव हाय." हे ऐकलेलं मी हिशेबात आणलं ते असं : समजा हे नाव आपलं नसतं आणि भाड्यानं वापरावं लागलं असतं, तर विक्रीतला किती वाटा दर वर्षी नावाच्या मालकाला द्यावा लागला असता? असे करार बाजारात होतात, ते जमवले, ताडून पाहिले. लेखापरीक्षकांनी दोन आठवडे मला उभं-आडवं सोललं, आणि शेवटी मान डोलावली.

बैठकीत मी कागद पुढं केला. साहेबांनी वाचला, चष्मा काढला, पुसून पुन्हा वाचला. नाव यंत्रांपेक्षा मोठं निघालं होतं. मला वाटलं, आता भडकणार. तर ते खो खो हसायला लागले. "मॅडम, मी घर विकत घेऊन त्याचा दरवाजाच भंगारात काढत होतो की!" त्याच बैठकीत ठरलं, नाव राहणार. नवीन बॅटरीवरचा पंपही त्याच नावानं निघणार, आणि शेंद्र्यातच बनणार.

आज ते शेंद्र्यात जाहीर केलं. काकांना बोलावलं होतं. ते बोलायला उठले आणि "माझ्या लेकींनो" एवढंच म्हणून खाली बसले. बायकांनी टाळ्यांनी पत्र्याचं छप्पर दणाणून सोडलं. मला त्यांनी धरूनच नेलं. पायात कंपनीचे जड बूट, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि मी फुगडी घालतेय! जिनं वाळूजचं विचारलं होतं, तीच माझी जोडीदारीण. "मॅडम, हात सोडू नका, पडाल," म्हणत ती मला गरागरा फिरवत होती. साहेब जिलेबीची प्लेट हातात घेऊन तोंड वासून बघत होते. काका तर डोळे पुसत टाळीचा ठेका धरून होते.

माणसं अजून गुडविलमध्येच लिहितात, आई. तो नियम काही मला बदलता आला नाही. अहवालात तेवढी एक ओळ लिहिताना मी कान पकडले, तुझी आठवण काढून.

हे पत्र धाडायचं तर पत्ता नाही, म्हणून दप्तरातच राहील. अहो झोपलेत, लेकीला फोन केला तर "मम्मी, भारीच" म्हणाली आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून दिला. आता खरं सांगते. मला कुणासमोर तरी मनसोक्त फुशारकी मारायची होती, आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेणारं तुझ्याशिवाय कुणी सुचलं नाही.