मोरीतलं बिननावाचं शेवाळ

नाही हो वन्सं, डोकं ठिकाणावर आहे माझं. मोरीत शेवाळ मी मुद्दामच वाढवतेय, आणि त्याचं नाव अजून सापडलेलं नाही. फोनवर तुम्ही फिस्सकन हसलात आणि मग खोकल्याचं निमित्त केलंत, तेही कळलं मला. असो. तुम्ही मोठ्या, म्हणून आधी वाकून नमस्कार. (वाकता येत नाही, पण कागदावर चालतं.) गुडघे काय म्हणतात? भावजींना आता ऐकू येतं, की अजून सोयीपुरतंच? माझं बरं चाललंय. दाढ दुखते, पण तेवढीच सोबत.

सुनेचा धंदा तुम्हाला ठाऊक आहे, काचेच्या बरण्यांत बागा लावून विकते. टेरेरियम म्हणतात त्याला. (आपण बरणीत काही हिरवं दिसलं की फेकून द्यायचो, ही त्याचेच पैसे घेते.) तर रानातल्या कुजक्या ओंडक्यावरून तिनं शेवाळाचे गोळे आणले, चक्क जेवणाच्या डब्यात घालून. तिच्या कारखान्यात ऊन फार. माझी मोरी बघून म्हणाली, "आई, तुमच्याकडे उजेड येतो पण ऊन मुळीच येत नाही, किती छान!" लग्न होऊन आल्यापासून माझ्या घराचं तिनं केलेलं हे पहिलं कौतुक. मी विरघळले, मोरी देऊन टाकली.

आता मला सांगा, उभा जन्म ज्यानं शेवाळ घासलं त्यानं ते वाढवायचं कसं? भांडीवालीनं पहिल्याच आठवड्यात शेवाळाचा अर्धा ट्रे काथ्यानं लख्ख करून ठेवला आणि वर कौतुकाची वाट बघत उभी राहिली. मी चहाच्या चोथ्याचं पाणी घातलं, गुलाबाला मानवतं म्हणून, तर पांढरी बुरशी धरली. सुनेनं वास घेतला. "आई, याला चहा कोणी पाजला?" याला मुळंच नसतात म्हणे, अंगानंच पाणी पितं, आणि तेही पावसाचं, नळाचं मानवत नाही. (एवढे नखरे या घरात फक्त तुमच्या भावाचे चालले.) मग गॅलरीत पातेलं ठेवलं. भरलंही पटकन. नंतर वर बघितलं तर वरच्या बाईंचा परकर ठिबकत होता.

नावाची गोष्ट अशी की, दोन जातींची शेवाळं दिसायला जुळ्या बहिणी. एक बंद बरणीत सुखानं नांदते, दुसरी महिनाभरात सडते आणि गिऱ्हाईक बरणी परत आणून आदळतं. कोणती कुठली ते पानावरून ठरत नाही. केसाएवढा दांडा वर येतो, त्याच्या टोकाला टोपी घातलेलं बोंड येतं, ते भिंगातून बघितलं की कूळ कळतं. म्हणून ती दर गुरुवारी गळ्यात भिंग अडकवून येते. नाव कळलं की ट्रे उचलून नेणार, "मग तुम्हाला त्रास नाही," म्हणाली. आधी हातात गाडीची किल्ली घेऊन दारातच उभी असायची. आता मोरीत पाटावर बसते, स्वतःच्या आईच्या आठवणी सांगते, जेवूनही जाते. तुमचे भाऊ गेल्यापासून मी अजून दोघांचंच शिजवते, हात ऐकत नाही. उरलेलं दुसऱ्या दिवशी मीच पाहुणी होऊन खाते. मीठ कमी पडलं तर मीच बोलते, मीच ऐकून घेते. गुरुवारी मात्र ती म्हणते, "आई, मीठ!" काय बरं वाटतं म्हणून सांगू!

पण बोंड काही टिकत नाही. आज वर आलं म्हणावं तर उद्या साफ! सून म्हणाली, गोगलगाय. आम्ही दोघींनी बटाट्याच्या फोडी ठेवल्या, ती पालथी पडून बॅटरीनं नळामागे शोधायची, मी तिच्या पायाशी बसून, "ती बघ, ती बघ!" म्हणायची. शेवटी दोघी हसून हसून ओल्या फरशीवरच बसलो. लेक फोनवर विचारतो, काय चाललंय? काय सांगायचं?

गेल्या गुरुवारी मात्र एक बोंड तिच्या नजरेला पडलं. अजून कच्चं होतं. तिनं त्यावर काचेचा पेला उपडा घातला आणि पेल्यावर वरवंटा ठेवला. पुढच्या खेपेला पिकेल, मग नाव नक्की. चला, मोरी मोकळी होईल. बरंच झालं, मलाही पाय पसरून आंघोळ करता येईल.

तब्येतीला जपा. भावजींना ओरडून नमस्कार सांगा.

तुमची,
भावजय

ता. क. तुमच्या घरामागे एवढी झाडी आहे. ओंडक्यावरचं वेगळं काही शेवाळ दिसलं तर ओल्या फडक्यात गुंडाळून लगेच पाठवा. दिसायला साधं असू दे, पण ओळखायला महाकठीण हवं. बोंड न येणारं मिळालं तर देवच पावला.

ता. क. पुन्हा. हसू नका. गोगलगाय वगैरे कोणी नाही. नखं कापायच्या कात्रीनं मीच कापते ती बोंडं, दर बुधवारी. आता वरवंटा उचलणारी गोगलगाय कुठून आणू? वन्सं, नाव सापडलं तर ती यायची नाही हो.